खोडांची बेरीज

माझ्या काकांनी आमचं तुतीचं झाड माझ्याच हातून तोडवलं. अकरा वर्षं मी हे विसरले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नव्हता.

तेव्हा मी उद्यान खात्यात नवीन कारकून होते. आमचं आणि काकांचं घर शेजारीशेजारी, अंगण आणि परस सामाईक. बाबा ऑपरेशनसाठी इस्पितळात होते आणि काकांना गाडी लावायला जागा हवी होती. जुन्या नियमात खोडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा. पन्नास सेंटिमीटरच्या आत भरला तर ते झाड नाही, झुडूप. झाड तोडायला सगळ्या मालकांच्या सह्या लागत, झुडपाला अर्जदाराची एक पुरे. आमची तुती गुडघ्यापाशीच फुटून तीन खोडांची झालेली. काकांनी तिन्ही खोडं वेगवेगळी मोजून तीन झुडपं लिहिली. आमच्या त्या फॉर्मवर नाव मागच्या पानावर आणि पुढे नुसता भूखंड क्रमांक. साठ अर्जांचा गठ्ठा होता, मला बाबांचा डबा घेऊन निघायची घाई होती. आकडे बघितले, धडाधड शिक्के मारले. स्वतःच्या घराचा भूखंड क्रमांक किती जणांना पाठ असतो? मला नव्हता.

बाबा घरी आले तेव्हा तुतीच्या जागी काकांची गाडी उभी होती. मी तावातावाने भांडायला गेले, तर काकांनी शांतपणे कागद पुढे केला.

"शिक्का कुणाचा आहे तो बघ, पोरी."

वर हसले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. बाबा त्यानंतर अंगणाकडची खिडकी लावूनच बसायचे. पुढच्या वर्षी गेले. शिक्क्याचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

यंदा झाडांचे नियम बदलायचं ठरलं आणि मसुदा माझ्या टेबलावर आला. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. कारण परसात अंजीर होतं, चार खोडांचं, आणि त्या जागी काकांना दोन खोल्या काढायच्या होत्या. काकू गेल्यापासून ते एकटे. मुलगा म्हणाला होता, खोल्या झाल्या तर बायकोमुलांना घेऊन कायमचा येतो. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी कलम लिहिलं: 'छातीच्या उंचीखाली फुटलेल्या सर्व खोडांचे घेर मिळवून एकच घेर धरावा.'

बैठकीत तोडणीचा ठेकेदार कुरकुरला. "म्हणजे उद्या जास्वंदीलाही वकील द्यावा लागेल."

सगळे हसले. मीही हसले आणि जुने दोनशे बारा अर्ज टेबलावर ठेवले. झुडपं म्हणून तोडलेली झाडं, एकेकाचा घेर मिळवून दाखवला. एका माणसासाठी फास लावला तर तो दिसतो, म्हणून मी अख्खं शहर त्यात घातलं होतं. साहेब म्हणाले, "बाई, तुमचा अभ्यास दांडगा आहे." कलम एकमताने मंजूर झालं. त्या दिवशी मला कडकडून भूक लागली.

तीन आठवड्यांनी काका आमच्या कचेरीच्या खिडकीशी आले. वाळले होते. अर्जात चार झुडपं लिहिली होती, बत्तीस, तीस, अठ्ठावीस, एकतीस. मी बेरीज करून दाखवली.

"एकशे एकवीस. हे झाड आहे, काका. सगळ्या मालकांच्या सह्या लागतील."

"मालक म्हणजे मी आणि तू."

"हो."

"मग कर की सही."

"नाही करणार."

मागे रांग चुळबुळत होती.

"हा नियम तू माझ्यासाठी केलास."

"नियम शहरासाठी आहे," मी म्हणाले. मग वाटलं, आता कशाला खोटं बोलायचं? "पण लिहिताना तुम्हीच डोळ्यांसमोर होता."

मला वाटलं आरडाओरडा करतील. मी त्याची वाटच बघत होते, अकरा वर्षांची उत्तरं तोंडपाठ होती. पण काका खिडकीच्या कट्ट्यावर हात टेकून हळू आवाजात बोलले.

"पोरं येणार नाहीत मग. मी वाईट वागलो, मान्य. पण दादा असता ना, त्याने सही दिली असती."

ते खरं होतं. बाबांनी चष्मासुद्धा न लावता सही केली असती, वर विचारलं असतं, खोल्यांना उजेड नीट येईल ना. मला ते इतकं स्पष्ट दिसलं की क्षणभर हातातलं पेन जड झालं.

मी अर्जावर 'अपूर्ण, परत' लिहिलं, तारीख घातली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.