किल्ल्यातली एकटी तैयबा

शेवटची शेजारीण कुलसुम हिचं बिऱ्हाड श्रीवर्धनला गेलं, तेव्हा समुद्रातल्या त्या किल्ल्यात तैयबाबी एकटीच उरली. नवऱ्याची कबर सोडून जायला तिचं मन घेईना.

थंडीत मुंबईची मंडळी किल्ला बघायला आली. तिनं त्यांना तोफा दाखवल्या, तळ्याचं गोड पाणी पाजलं, नबाबाच्या काळातल्या लढाया सांगितल्या. निघताना एका बाईनं सहज विचारलं, "इथं तुम्ही बोलता कुणाशी?"

तैयबाबीनं हसून तिला होडीत चढायला हात दिला. होडी दूर गेल्यावर बुरुजावर उभी राहून ती बराच वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी मासळी घेऊन आलेल्या रशीदला ती म्हणाली, "मला कुलसुमकडं सोडशील?"

"आताच चला, चाची. वारा चांगला हाय."

किनारा येईपर्यंत ती बोलतच राहिली.