आईचा आवाज ऐकण्याची परवानगी

आदिवासी वस्तीतली थेल्मा बार्लो बसने लांबचा प्रवास करून ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत, कॅनबेराला आली. आईने म्हटलेल्या गाण्यांची टेप तिथल्या सरकारी संस्थेत आहे, असं तिला कळलं होतं. आई कधीच गेली होती.

"टेप फक्त संशोधकांना ऐकायला मिळते," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"अहो, माझी आई आहे ती!"

"खरंय. पण तुम्ही संशोधक नाही ना."

आदिवासींच्या अभ्यासासाठीच काढलेली संस्था ती. आदिवासींची गाणी होती, भाले होते, डोक्यांची मापंसुद्धा होती. फक्त आदिवासी नव्हते. थेल्मा पुन्हा खिडकीशी गेली.

"मला संशोधन करायचंय."

"विषय?"

"माझी आई."

बाई साहेबांना विचारून आल्या. आड येईल असा नियमच सापडेना.

कानाला हेडफोन लावून थेल्मा बसली. आई गात होती, मध्येच खोकत होती. थेल्माचे डोळे भरून आले, आणि मग ती दचकली. हे तर बायकांचं गाणं. त्यांच्या रीतीप्रमाणे पुरुषांच्या कानावर ते पडता कामा नये.

पुढे दिवस पालटले. संस्थेला आदिवासी सभासद हवेसे झाले आणि थेल्माला समितीत खुर्ची मिळाली. तिने सगळ्यात आधी असल्या टेप पुरुषांना बंद केल्या.

एक दिवस आईची गाणी टेप करणारे म्हातारे प्रोफेसर ग्रेव्हज काठी टेकत आले. आठवणी लिहायला घेतल्या होत्या त्यांनी.

"थेल्मा, अगं, माझीच टेप मला देत नाहीत!"

"आईने गायलं ते तुमच्यासमोर?"

प्रोफेसर खाली बघू लागले. "नाही. तिने मला बाहेर काढलं होतं. मशीन मात्र मी मुद्दाम चालू ठेवून गेलो."

थेल्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चांगलं फैलावर घ्यावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तिच्या मनात आलं: या माणसाने चोरलं नसतं, तर आईचा आवाज आज कुठे असता?

"टेप मिळणार नाही, प्रोफेसर."

"बरं."

"चहा घेणार?"

"घेतो."

दोघांनी चहा घेतला. मग तीच त्यांना हाताला धरून टॅक्सीपर्यंत सोडायला गेली.