शटरवरचं जंगल

आमच्या बाजारात निसर्ग आला तो टेम्पोतून. हिरव्या प्लास्टिकच्या गवताच्या सतरा गुंडाळ्या होत्या. त्या अंथरायला दुकानांसमोरचं खरं गवत आधी उपटून काढलं. मी बाजार संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, हेच का नाही ठेवत? तर म्हणाले, ते एका उंचीचं वाढत नाही.

शहरात 'निसर्गासोबत जगू या' अशी स्पर्धा लागली होती आणि अध्यक्षांना ती काहीही करून जिंकायची होती. त्यांचं दिव्या-पंख्यांचं मोठं दुकान आहे. त्यांनी बाहेर पाटी लावली, जुना पंखा टाका, हिरवा पंखा न्या. टाकलेले पंखे आमच्याकडे यायचे. आई मोटारी भरते, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळते. शाळा सोडल्यापासून मीही तेच करते. आईच्या हातून गेलेला पंखा आणखी दहा वर्षं फिरतो. पण तो हिरवा नसतो, म्हणून निसर्गाच्या काही कामाचा नाही.

मग अध्यक्षांच्या डोक्यात चित्र आलं. बारा गाळे एका रांगेत, तर बारा शटरांवर मिळून एक जंगल काढायचं. परीक्षक आले की सगळी शटरं खाली, सलग जंगल, फोटो. आमचा गाळा मधला, म्हणून आमच्या वाट्याला पक्षी आला. निळा, लाल चोचीचा, म्हशीएवढा. असा पक्षी असतो कुठे म्हणून मी रंगाऱ्याला विचारलं. कॅलेंडरवर, म्हणाला.

खरी गोम पुढे आहे. शटर वर केलं की ते गुंडाळून पत्र्याच्या डब्यात जातं. आमच्या त्या डब्यात दरवर्षी चिमण्या घरटं करतात, थेट गुंडाळीच्या वर. शटर वीतभर जरी हललं तरी घरट्याचा चेंदा. म्हणून काड्या दिसायला लागल्या की आई शटर अर्ध्यावर आणून कुलूप घालते आणि पिल्लं उडेपर्यंत हात लावत नाही. खालच्या अर्ध्या भागाला जाळीचं दार आहे, रात्री ते लावायचं. महिनाभर गिऱ्हाईक वाकून आत येतं. एका वकिलाचं डोकं दोनदा आपटलं. आई म्हणाली, तिसऱ्यांदा नाही आपटणार, शिकलेला माणूस आहे.

यंदाही पिल्लं वेळेत उडाली असती. पण त्या निळ्या पक्ष्याच्या रंगाचा वास इतका होता की चिमण्या बारा दिवस फिरकल्याच नाहीत. सगळंच लांबलं. परीक्षक यायची वेळ झाली तेव्हा पिल्लांना धड पिसंही नव्हती. नुसत्या चोची, आणि त्याही सारख्या उघड्या, संघटनेच्या बैठकीसारख्या.

आदल्या दिवशी सकाळी अध्यक्ष भाच्याला घेऊन आले. भाच्याला मोबाइलची कव्हरं विकायची होती आणि त्याचा डोळा आमच्या गाळ्यावर होता. गाळे संघटनेचे, करार दरवर्षी अध्यक्षांच्या सहीनं वाढतो, आणि आमचा पुढच्या महिन्यात संपत होता. अध्यक्ष आधी गोड बोलले. दोन मिनिटं शटर खाली, फोटो, की लगेच वर. आई तार गुंडाळता गुंडाळता म्हणाली की शटर वर येईल, पिल्लं नाही येणार.

"ताई, चार चिमण्यांसाठी अख्ख्या बाजाराचा पक्षी अडवता?"

"चार नाहीत, तीन आहेत."

मग गोडवा संपला. उद्या शटर खाली आलं नाही तर करार वाढणार नाही, असं स्वच्छ सांगून ते गेले. भाचा जाता जाता आमच्या भिंतीवर बोटांनी विती मोजत होता. त्याला मी जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. आईनं त्यासाठी मला पाठीत एक ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी अकरा शटरं खाली. झाड, झाड, हरीण, धबधबा, आणि मधोमध आमचं अर्धं शटर. पक्ष्याचं डोकं वर डब्यात गुंडाळलेलं, खाली नुसतं पोट आणि पाय. कुणी फाशी दिल्यासारखे लोंबत होते. शटरच्या बरोबर खाली मी स्टूल टाकून बसले. ओढायचं तर माझ्या डोक्यावरून ओढा.

परीक्षकबाई फाईल घेऊन आल्या आणि पहिल्यांदा हेच विचारलं की पक्ष्याचं डोकं कुठे आहे. शटर बिघडलंय, अध्यक्षांनी ठोकून दिलं आणि आईकडे बघितलं. आई खाली मान घालून तार गुंडाळत राहिली. बिघडलं तर बिघडलं, पिल्लं वाचत होती, गाळाही कदाचित वाचला असता. पण माझ्या तोंडाला कुलूप कुठलं? मी म्हटलं, शटर ठणठणीत आहे. आत चिमणीची पिल्लं आहेत आणि यांना ती चिरडून फोटो काढायचाय.

मला वाटलं, आता अध्यक्षांची जिरली. कसलं काय. बाई लोण्यासारख्या विरघळल्या. खरीखुरी पिल्लं, म्हणाल्या. आणि अध्यक्षांनी श्वासही न घेता सांगून टाकलं की हा संघटनेचाच उपक्रम आहे, मुद्दाम शेवटी दाखवायला ठेवला होता.

शिडी आली. भाचा वर चढला, त्यानं मोबाइलचा उजेड थेट घरट्यात मारला. खाली रांग लागली. भांडीवाला, शिंपी, घड्याळवाले काका, दहा वर्षांत ज्यांनी मान वर करून पाहिलं नव्हतं ते सगळे. बाईंना तर अहवालाच्या पहिल्या पानासाठी तळहातावर बसलेलं पिल्लू हवं होतं. चिमणी चोचीत अळी धरून समोरच्या तारेवर बसली होती. यायची, माणसं बघून परत वळायची. अर्धा तास असं चाललं. आई म्हणत होती, बाजूला व्हा, तिला येऊ द्या. कोण ऐकतंय? अध्यक्ष तिलाच शिकवायला लागले की ताई, माणसानं निसर्गाच्या जवळ जायला पाहिजे.

आतला चिवचिवाट बारीक होत चालला. भाच्यानं डब्यात हात घातला. मी शिडीला लाथ घालायला उठले तर आईनं माझं मनगट पकडलं. एकच हात मोकळा राहिला. त्यानं मी डोकं खाजवायला लागले. कराकरा.

"दादा, जरा जपून," मी भाच्याला म्हटलं, "यांच्या अंगावर बारीक किडे असतात. केसांत शिरले की महिना महिना निघत नाहीत. माझे बघा."

भाचा शिडीवरून उतरला नाही, सांडला. केस झटकत नळाकडे पळाला. त्याला बघून शिंप्याला मान खाजली, शिंप्याला बघून घड्याळवाल्या काकांना पाठ. बाईंनी फाईल डोक्यावर धरली आणि प्लास्टिकच्या गवतावरून घसरत घसरत गाडी गाठली. निसर्गाच्या जवळ आलेली सगळी मंडळी दोन मिनिटांत नळावर. भाचा ओल्या डोक्यानं मामाला ओरडून सांगत होता, मला हा गाळा फुकट दिला तरी नको.

अध्यक्ष लांबच उभे राहिले. बक्षीस गेलं होतं, आणि किड्यांचा गाळा आता दुसरं कुणी घेणार नव्हतं. कराराचा कागद उद्या पाठवतो, म्हणाले, सही करून माणसाबरोबर द्या, स्वतः आणून देऊ नका.

रस्ता मोकळा झाला. चिमणीनं तारेवरून दोनदा इकडेतिकडे पाहिलं आणि सुळकन डब्यात शिरली. आत एकदम कालवा झाला. मी बोटांवर मोजत ऐकत राहिले. तिन्ही आवाज होते.

आईनं माझं मनगट सोडलं.

"खरंच खाजतंय का गं?"

"छे."

"मग खाजवायचं थांबवलंस कशाला? ते अजून बघताहेत."