'नको'ला गुण नाहीत

त्या खोलीत शिरलं की पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं. निळे पडदे, पंख्याची संथ घरघर, माणसाचा आवाजही लांबून तरंगत येतो. इथं दरवर्षी माझ्या भाचीला, ठमीला, मोजतात.

ठमी सोळाची. मेंदूची वाढ जन्मापासून वेगळी, बोलत नाही. गुण टिकले तर अशा मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रातली जागा राहते, घटले तर दुसऱ्याला जाते. आणि जागा गेली की तिच्या आईची, माझ्या ताईची, औषधांच्या कारखान्यातली नोकरीही गेली. घरी पोरीला बघणार कोण? मी रात्रपाळीवाला, दिवसा मेल्यासारखा झोपतो.

लाकडी पाटीच्या भोकांत खुंट्या बसवायच्या. आपल्या आपण बसवली तर दोन गुण, तपासणाऱ्या बाईंनी हात धरून बसवून घेतली तर एक. ठमीला आजवर सगळीकडे एकेकच. कुणीही तिचा हात धरावा आणि कुठंही न्यावा, पोर मेणाची. केंद्रात तिला गुणी म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. जिला कुणाचाच हात झिडकारता येत नाही ती पोर गुणी नसते, उघड्यावर पडलेली असते.

मग परवा-परवा एका सकाळी तिनं ताईच्या हातातली फणी ढकलून दिली. ताई खाली पडलेल्या फणीकडे बघतच राहिली, जणू खिडकीतून पाखरू आत आलं होतं. मग चमचा ढकलला, मग मोजा. घरात नुसता ताप, आणि ताई आपली हसत फिरतेय.

आज बाईंनी खुंटी ठमीच्या मुठीत दिली, वर आपला हात ठेवला. झोपेत पांघरूण सारावं तसा तिनं तो हळूच सारला. पुन्हा ठेवला, पुन्हा सारला.

बाई वाईट नव्हत्या. ताईकडे वाकून म्हणाल्या, "तुम्ही सांगा ना तिला. तुमचं ऐकते ती."

ऐकते, हे खरं. 'दे गं हात' एवढं म्हणायचा अवकाश, हात मेणाचा झाला असता. मी डोळ्यांनी ताईला खुणावलं, बोल. पडदा फुगला, पुन्हा बसला. ताई गप्प.

गुण घटले.

"ती नको म्हणायला शिकलीय," ताई म्हणाली.

"कळतंय हो. पण 'नको'ला आमच्याकडे गुण नाहीत."

असली मोजपट्टी चुलीत घाला, असं मी तोंडावर सांगितलं. बाई पाटी आवरत राहिल्या. जागा जायची ती गेलीच.

जिन्यात मी ताईवर उखडलो. दोन शब्दांनी तुझं काय जाणार होतं?

"माझं काही नाही," ताई म्हणाली. "पण आज मी तिचं नको मोडलं असतं, तर उद्या कुणीही मोडलं असतं."

सवयीनं मी ठमीचा हात धरायला गेलो. तिनं तो काढून घेतला, कठडा धरला आणि एकेक पायरी चाचपत उतरू लागली. वरून निळसर उजेड सांडत होता. आम्ही दोघं मागं, तिच्या चालीनं.