दुसरी फेरी

ट्रकला ट्रेलर जोडणाऱ्या माणसाशी बोलायचं नाही, असा अमेरिकेत चाकांवरचं घर ओढत कॅम्प ते कॅम्प फिरणाऱ्या लोकांचा नियम आहे. एरवी हीच मंडळी कॅम्पवर शेजाऱ्याला गाठून आपल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची कथा तासभर ऐकवतील, पण कुणाचा ट्रक मागे मागे सरकत ट्रेलरकडे निघाला की सगळे चिडीचूप. कॉफीचे मग हातात धरून लांब उभे राहतात. कुणीतरी उगाच ‘काय, निघालात?’ विचारलं, त्या नादात जोडणारा एखादी खुंटी लावायला विसरला आणि अख्खं घर ट्रकच्या पाठीवर आदळलं, असं प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेलं असतं.

वेंडेल क्राउस या नियमाचा फार कडक होता. तो ट्रक मागे घ्यायला लागला की त्याची बायको लव्हॉन बाजूला उभी राहून हातानेच खुणा करायची: डावीकडे, अजून, अजून, बस. इतक्या वर्षांत तिने त्या वेळी तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. लग्नात सुद्धा मी इतकी गप्प नव्हते, असं ती लोकांना सांगायची.

तो ट्रक म्हणजे लव्हॉनची सवतच. डिझेलचा, मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेला, थंडीत सुरू झाला की शेजारच्यांच्या खिडक्या थरथरवणारा. वेंडेलचा जन्म नेब्रास्कात धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करण्यात गेला होता. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं आणि पलंग, चूल, सोफा, झालंच तर नुसती दिसायला शेकोटी असलेला हा लांबलचक ट्रेलर घेतला. ट्रेलर दोघांचा, पण ट्रक त्याचा एकट्याचा. त्याचं तेल तो स्वतः बदलायचा, पुठ्ठ्यावर उताणा पडून. जुना फिल्टर कापून आत लोखंडाचे कण दिसतात का ते बघायचा. गिअरचं तेल बोटावर घेऊन हुंगायचा. ‘पोरगी झाली तेव्हा तिला एवढं हुंगलं नव्हतंस,’ लव्हॉन म्हणायची, आणि तो म्हणायचा, ‘पोरीला वॉरंटी नव्हती.’

वसंतात अॅरिझोनाहून उत्तरेकडे निघाले तेव्हा ते सुरू झालं. युटाच्या कॅम्पवर त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. दोन-तीन दिवसांनी ती बाहेर आली तर हा पुन्हा नवा फिल्टर हातात घेऊन ट्रकखाली शिरत होता.

“आता काय काढलंस?”

“फिल्टर बदलतोय. कधीचा राहिलाय.”

“अरे, रविवारीच तर बदललास.”

तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग हसला. “तुझं लक्ष असतं का ते बघत होतो.”

तीही हसली. पण त्याच आठवड्यात, ट्रेलर जोडून तो आत कॉफी प्यायला गेला असताना, तिला दिसलं की जोडणीच्या कडीत अडकवायची पिन जागेवर नाही. ती त्याच्या जाकिटाच्या खिशात चघळायच्या गोळ्यांच्या कागदांबरोबर सापडली. लव्हॉनने ती मुकाट्याने जाऊन लावली.

तेव्हापासून तिने एक फेरी सुरू केली. निघायच्या दिवशी वेंडेल जोडाजोड करून कॉफीला आत आला की ती कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडायची आणि गाडीला एक वळसा घालायची. बहुतेक वेळा सगळं ठीकच असायचं. कधी गाडी घरंगळू नये म्हणून चाकामागे लावलेली उटी तशीच राहिलेली असायची, कधी दाराची पायरी खाली. एकदा त्याने चाकांची अदलाबदल केली होती, तर एका चाकाचे नट नुसते हाताने फिरवून ठेवलेले निघाले. ती लांब पान्यावर चढून उभी राहिली आणि सगळ्या वजनानिशी एकेक आवळला. मग आत जाऊन हात धुतले आणि त्याला अंडी तळून दिली.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. ओमाहाहून मुलीचा, कोरीनचा फोन यायचा. “बाबा काय करतायत?”

“काय करणार? ट्रकखाली आहेत.”

हे खोटं नव्हतं. पण खरं सांगितलं असतं तर कोरीन दुसऱ्या दिवशी विमानाने आली असती, त्याला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि ट्रक गेला असता. ट्रक गेला म्हणजे घर गेलं. ओढणारा नसेल तर ते घर कुठल्या तरी कॅम्पवर चिखलात रुतून बसणार. मग दोघांनी कोरीनच्या तळघरात राहायचं आणि वेंडेलने दिवसभर खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्यांची चाकं बघायची. लव्हॉनला ते नको होतं. आणि तिला भीती वाटत होती. कशाची, ते ती स्वतःशीसुद्धा पुरतं बोलत नव्हती.

उन्हाळा असाच निघाला. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी कॅम्पवर होते तेव्हा हवा बदलली. रेडिओवर सांगितलं की दुपारनंतर वर घाटात बर्फ पडेल. डोंगर ओलांडून दक्षिणेला उतरायचं तर सकाळीच निघायला हवं होतं. लव्हॉन कपड्यांची बादली घेऊन कॅम्पच्या धुलाईघरातून आली, तर ट्रक जोडलेला, इंजिन चालू, आणि वेंडेल सीटवर बसून स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

“कॉफी?” तिने विचारलं.

“वर पिऊ. बस लवकर.”

“कचरा टाकून येते.”

“टाकला मी. बस म्हटलं ना. बर्फाने गाठलं तर घाटातच ख्रिसमस करशील.”

ती बसली. गाडी रस्त्याला लागली, आणि तिला पाठीमागे काय काय राहिलं असेल ते एकेक करून दिसायला लागलं. तिने एकदा तोंड उघडलं.

“वेंडेल, हिसका देऊन पाहिलास ना?” जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक दाबून ठेवायचे, ट्रक जरासा पुढे ओढायचा आणि पकड बसली आहे का पाहायचं, हा हिसका तो कधी चुकवत नसे.

“आता तू मला शिकव,” तो म्हणाला. रागावला नव्हता. उलट खुशीत होता, शीळ घालत होता, आणि ती शीळ तिला ऐकवेना.

चढ लांबलचक होता. ट्रक नेहमीसारखा जीव तोडून ओढत होता. चढावर ब्रेकला काही काम नसतं, म्हणून कशाचीच चाहूल लागली नाही. माथ्यावर पोचेपर्यंत आभाळ खाली आलं होतं आणि बारीक बर्फ आडवा उडायला लागला होता. तिथे रस्त्याच्या कडेला मोकळी जागा होती, जड गाड्यांनी उतरण्याआधी थांबून ब्रेक तपासावेत म्हणून. वेंडेलने ट्रक तिथे लावला आणि पाइनच्या झाडांमागे लघवीला गेला.

लव्हॉन उतरली. जोडणीचा जबडा घट्ट होता, पिन होती, उटी ट्रेलरच्या खणात होत्या. तिला बरं वाटलं. मग तिने ट्रकच्या मागच्या हौद्यात डोकावलं. ट्रेलरच्या ब्रेकला वीज पुरवणारी जाड वायर तिथे गुंडाळी करून ठेवलेली होती. ती ट्रकला जोडलेलीच नव्हती. वायर जोडलेली आहे की नाही हे सांगणारा एक छोटा दिवा ट्रकमध्ये होता, पण तो कधीच गेला होता आणि वेंडेलला तो बदलायची गरज वाटली नव्हती. म्हणजे मागच्या एवढ्या मोठ्या घराला सकाळपासून ब्रेकच नव्हते. इथून पुढे नुसता उतार होता.

तिने वायर उचलली आणि खोबणीत दाबून बसवली. वळली तर वेंडेल मागे उभा.

“ती मी लावली होती,” तो म्हणाला.

तिने हात पँटला पुसले.

“लावली नव्हती?”

“नाही.”

त्याने टोपी काढली आणि परत घातली. बर्फ त्याच्या भुवयांवर बसत होता. “आणि तू उतरल्याबरोबर सरळ तिथेच आलीस. कधीपासून बघतेस असं माझ्या मागून?”

“युटापासून.”

“काय काय सापडलं?”

तिने सांगितलं. पिन, उटी, पायरी, नट. तो मान खाली घालून ऐकत होता. नटांचं आलं तेव्हा त्याने ट्रकला हात टेकला.

“लव्हॉन, मला माहीत होतं,” तो म्हणाला. “म्हणजे, काहीतरी होतंय ते मला युटातच कळलं होतं. तो फिल्टर. तेव्हाच मी ठरवलं. कॉफी प्यायची, मग बाहेर येऊन परत एक फेरी मारायची. एकसुद्धा चूक निघाली, तर त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात द्यायची आणि कोरीनला फोन करायचा. अख्खा उन्हाळा मारली ती फेरी. एक चूक निघाली नाही. एक नाही. मला वाटलं, मी बरा आहे. गेल्या आठवड्यात तर मनात म्हटलं, झाली परीक्षा, आता पुरे. म्हणून आज नाही मारली.”

त्याच्या आधी ती, तिच्या मागून तो, आणि मध्ये फक्त कॉफीचा मग. त्याला सावध करणारी एकेक खूण ती पुसत आली होती, तीही त्याच्या मायेपोटी. तिला एकदम स्वतःचाच संताप आला.

“मला सांगायचं होतंस,” ती म्हणाली.

“तू तरी?”

फोनला रेंज नव्हती. रस्त्याचा काळा रंग हळूहळू पांढुरका होत होता, मागेही उतारच होता, आणि इथे थांबलं तर संध्याकाळपर्यंत गाडी बर्फात अडकली असती. वेंडेलने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“मी फक्त सपाटीवर चालवलाय हा,” ती म्हणाली.

“मी सांगतो ना. सांगायला काही होत नाही मला. हात चुकतात, डोकं नाही.”

ती चालकाच्या सीटवर बसली. त्याने तिला आधी हिसका द्यायला लावला. ट्रेलरने ट्रकला जागच्या जागी धरून ठेवलं. “हं. धरतोय,” तो म्हणाला. मग गिअर खालचा टाकायला लावला, उतारावर वेग रोखून धरणारा इंजिनचा ब्रेक चालू करायला लावला, आणि ट्रक घोगऱ्या आवाजात गुरगुरत उताराला लागला.

“पेडलवर पाय ठेवून बसू नको. वेग वाढला की एकदा नीट दाब, कमी झाला की पूर्ण सोड. ब्रेकना गार व्हायला वेळ दे.”

तिने तसं केलं.

“आता दाब. सोड. शाब्बास. अगं, माझ्यापेक्षा बरी चालवतेस.”

“गप्प बस आणि रस्ता सांग.”

उजव्या बाजूला डोंगराचा कडा, डाव्या बाजूला कठडा आणि त्यापलीकडे नुसता पांढरा धूर. त्याचा आवाज शांत होता, कोठारावर नव्या पोरांना शिकवायचा तसा. वळणाआधी सांगायचा, वळण संपल्यावर सांगायचा, आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला तसंच होत गेलं. लव्हॉनचे खांदे जरा सैल झाले. तिला वाटलं, आपण उगाच घाबरलो. हा माणूस अजून इथेच आहे, आपल्या शेजारी. खाली गेल्यावर कोरीनला दोघं मिळून फोन करू.

पुढे वळणाच्या जरा अलीकडे उजव्या हाताला एक खडीचा रस्ता फुटला होता. तो डोंगराच्या अंगावर सरळ वर चढत गेला होता आणि मध्येच संपला होता. ब्रेक गेलेल्या गाड्यांनी शिरून रुतून बसावं म्हणून तो केलेला असतो.

“आता उजवीकडे घे,” वेंडेल म्हणाला.

“इकडे? का? ब्रेक धरतायत की.”

“का म्हणजे? आपली गल्ली आली. खडीवर जरा हळू, परवाच टाकून घेतलीय.”

लव्हॉनने त्याच्याकडे पाहिलं. त्याने सीटचा पट्टा सोडला होता आणि दाराच्या कडीवर हात ठेवला होता, घरी पोचलेल्या माणसासारखा. चेहऱ्यावर जराही गोंधळ नव्हता.

“पट्टा लाव, वेंडेल. पुढून वळते.”

“चुकलीस बघ. बरं, पुढून तर पुढून,” तो म्हणाला आणि निमूटपणे पट्टा लावला.

खडीचा रस्ता मागे गेला. वळण आलं. तिने ब्रेक दाबला, ट्रक वाकला, मागचं घर त्याच्यामागून वाकलं, आणि वळण संपल्यावर समोर पुन्हा उतारच, बर्फात दिसेनासा होत गेलेला. गरम ब्रेकचा हलका वास आत येत होता. की तो मघापासूनच येत होता, हे तिला सांगता येईना. माथ्यापासून त्याने सांगितलेला एकेक शब्द ती आठवत होती: खालचा गिअर, दाब, सोड. त्यातलं या घाटातलं किती आणि त्या जुन्या गल्लीतलं किती?

“आता ब्रेक सोड,” शेजारून आवाज आला. मघासारखाच शांत, समजुतीचा.

तिचा पाय पेडलवरच होता, आणि अर्धा घाट अजून खाली होता.