गप्प बसणाऱ्यांचं बाक

मी बाक बोलतोय. किंवा बोलतंय म्हणा. कुणी मला 'तो बाक' म्हणतं, कुणी 'ते बाक', आणि मला दोन्ही चालतं.

इंग्लंडातल्या एका खेड्यात क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींचं प्रार्थनाघर आहे, तिथे सुतारानं मला ओकच्या लाकडातून घडवलं. इथे पाद्री नाही, गाणं नाही. सगळे गप्प बसतात. ज्याला आतून काही सुचेल त्यानं उभं राहून बोलायचं. कुणाचं पोट गुरगुरलं की सगळी ओळ हसू दाबत माझ्यावर थरथरते, आणि मला धास्ती, पडलं कुणी तर?

हेस्टर आणि डिलिस कितीतरी वर्षं माझ्यावर शेजारी शेजारी बसायच्या. दोघींना एकमेकींशी लग्न करायचं होतं, इथेच, आपल्या माणसांत. पण इथे हात वर करून मतं घेत नाहीत. सगळ्यांचं मन एक होईपर्यंत थांबायचं. सगळ्यांचं झालं होतं. एकटा म्हातारा एडगर अडला होता.

"आज हो म्हणतोस का?" डिलिसनं त्याला दारातच धरलं. "लग्नाला काठी टेकत यायचं का आम्ही?"

"मन होत नाही गं. खोटं हो म्हणू का?"

"नको. पण खरं हो जरा लवकर म्हण."

सभा बसली. बराच वेळ सगळं चिडीचूप. आणि एडगर ताडकन उभा राहिला. हेस्टरनं माझी कड घट्ट धरली.

"माझ्या," एडगर म्हणाला, "पायात गोळा आलाय."

इथे उभं राहून जे बोलतील ते मनात घोळवायचं असतं. म्हणून सगळे तेच घोळवत बसले. सभा चालवणाऱ्या विनिफ्रेडबाईंनी तर डोळे मिटून मान डोलावली. "खरंय. सगळ्यांच्याच येतो."

हेस्टर मात्र खाली बसून त्याची पोटरी चोळायला लागली. "हलू नको, मेल्या."

एडगरला हसू फुटलं. "उभा आहेच तर सांगतो. देव नाही म्हणेल म्हणून तीन सभा कान देऊन बसलो. तो एकदाही तसं म्हणाला नाही. नाही नाही करत होतो तो मीच. होऊ द्या लग्न."

झालं. लग्नाच्या दिवशी दोघींनी इथेच उभं राहून एकमेकींना वचन दिलं. त्यानंतर गप्प बसायचं होतं, पण एडगर खुदखुदला, त्याचं हसू डिलिसला लागलं, आणि अख्खी ओळ माझ्यावर गदगदली. माझा एक पाय निखळला तो तेव्हाच.

आता मी अंगणात भिंतीला टेकून आहे. येत्या शनिवारी गावातल्या दोन तरुण मुलग्यांचं लग्न आहे, एकमेकांशी, आणि या वेळी कुणाच्या होकाराची वाट पाहावी लागली नाही. एडगर पुढच्या ओळीत बसणार म्हणतोय. तेवढा पाय घट्ट बसवा हो. हसणारी माणसं फार जड होतात.