चौथीचं नाव

सावका म्हातारीनं चौथ्या नातीचं तोंड बघितलं, पाळण्याकडं पाठ केली आणि सांगून टाकलं, हिचं नाव स्ताना. स्ताना म्हणजे थांब. देवानं ऐकावं, समजून घ्यावं आणि पुढल्या खेपेला मुकाट मुलगा धाडावा.

"पोरीचं नाव हाय का देवाला धाडलेला निरोप?" मिलुंकानं बाजेवरूनच विचारलं.

 सासूनं चुलीतलं लाकूड जोरात आत सारलं.

मिलुंकानं हिशेब मांडला. गावात सात स्ताना होत्या आणि त्यांतल्या पाचींच्या पाठीवर पोरीच आल्या होत्या. खालच्या वस्तीत तर स्तानानंतर स्तानका, स्तानकानंतर स्तानिया, आणि देवाला तीनदा बजावून जो मुलगा झाला तो लग्न होताच घरजावई होऊन निघून गेला. तिचा नवरा ब्लागोता अंगणात गवताच्या विळ्याला धार लावत बसला होता. हा वाद सुरू झाल्यापासून त्यानं इतकी धार लावली की पातं निम्मं उरलं. नाव ठेवायचं काम कूमचं, मी त्यात काय बोलू, एवढंच तो म्हणे.

तेही खरं होतं. बाप्तिस्म्याला नाव ठेवायचा मान कूमचा, म्हणजे लेकराच्या धर्मबापाचा. त्याच्या तोंडून गेलेला शब्द बापालाही फिरवता येत नाही. हा कूम होता विदोये, आणि म्हातारीनं त्याच्याकडं डुकराची धुरावलेली मांडी आधीच पोचवली होती.

मिलुंका आठवडाभर तोंडात नावं घोळवत राहिली. मिल्का लोण्यासारखं, ओठांपाशीच विरघळायचं. यागोदा गोड होतं, पण त्या नावाची शेजाऱ्याकडं गाय होती, तीही मारकी. मग झेल्का सापडलं. झेल्का म्हणजे हवीहवीशी, मागून घेतलेली. 'झे' लांबवला की दरी ओलांडायचा, 'का' पलीकडच्या कड्यावर जाऊन आपटायचा.

रविवारी बाप्तिस्म्यासाठी कूम खेचरावरून निघणार होता. बाळंतिणीनं चाळीस दिवस अंगण ओलांडायचं नसतं. मिलुंका दहाव्याच दिवशी लेकराला छातीशी बांधून घरामागच्या खडकावर चढली. या डोंगरांत बातमी अशीच जाते. एकानं हाकारायची, पलीकडच्यानं पुढं द्यायची.

"ब्लागोताच्या पोरीचं नाव झेऽऽल्काऽऽ!"

समोरच्या मेंढक्यानं आधी, कोण मेलं, म्हणून विचारलं. कुणी मेलं नाही हे कळल्यावर जरा हिरमुसला, पण नाव त्यानं इमानानं पुढं दिलं.

त्यामुळं झालं असं, की विदोये कूम पहिल्या वळणावर पोचला तेव्हा लोक त्याची वाट बघत उभे होते. नाव झकास काढलंस म्हणाले, आणि आलुबुखाराच्या दारूचा पेला पुढं केला. आपण अजून काहीच काढलं नाही, हे तो सांगणार होता. पण पेला भरलेला होता. दुसऱ्या घरी तो नुसता हसला. चौथ्या घरी, विचार करावा लागतो, म्हणाला. सहाव्या घरी त्यानं ते नाव आपल्याला स्वप्नात कसं ऐकू आलं ते सविस्तर सांगितलं.

ब्लागोताच्या अंगणात खेचरावरून त्याला दोघांनी उतरवलं. सावकानं कानाशी जाऊन स्तानाची आठवण करून दिली.

"कोण स्ताना?" विदोये गरजला. "माज्या शब्दावर चार वस्त्या प्याल्यात, सावकाबाय. आता कूमचा शब्द फिरवू?"

म्हातारीनं मांडीचा विषय काढून बघितला. मांडी चांगली होती, असं तो म्हणाला. चर्चमध्ये पाद्र्यानं नाव विचारलं तेव्हा कूमनं ते असं ठणकावून सांगितलं, की पाद्र्याच्या हातातली मेणबत्ती विझली.

संध्याकाळी सावका सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"आन पाचवीबी पोरगीच झाली तर गं?"

मिलुंकानं झेल्काला या कुशीवरून त्या कुशीवर घेतलं.

"मग आत्या, तिचं नाव हिच्याहून लांब ठेवीन. हाका मारून मारून साऱ्या डोंगराचा घसा बसला पायजे."